क्वारीतली ओहोटी

हिराजी नाखवांना कुठेही, केव्हाही विचारलं तरी समुद्राचं पाणी चढतंय की उतरतंय ते सांगता येई. त्यासाठी समुद्र दिसायची गरज नसे. पनवेलच्या एसटी स्टँडसमोर एक चहाची टपरी होती. करंजाहून कामासाठी आले की ते तिथे थांबत. टपरीवाला कप पुढे करताना दर वेळी तोच प्रश्न विचारी, "काका, पाणी कुठं?" नाखवा मान वर न करता सांगत, "चढतंय. अजून वावभर चढंल." दोन हात पसरले की जेवढी लांबी होते, ती वाव. त्यांच्या पिढीचे कोळी पाण्याची खोली त्यातच मोजत. सुरुवातीला टपरीवाला मोबाइलमध्ये भरती-ओहोटीची वेळ काढून पडताळा घेई. पुढे त्याने ते सोडून दिलं.

ही सवय ते दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात, बँकेच्या रांगेतही पाळत. भाचीच्या साखरपुड्यात भटजींनी मुहूर्ताची घाई केली, तेव्हा नाखवा म्हणाले होते, "थांबा वाईच. पानी फिरू दे." भटजी थांबले. या सवयीचं सगळ्यांना कौतुक होतं. नाखवांनाही होतं, पण ते तसं दाखवत नसत. "पोटात घड्याळ हाय," एवढंच म्हणत. "चावी देवानं दिली, आमी नाय."

ते करंजाच्या कोळीवाड्यातले. तरुणपणी मासेमारी केली. नंतर गुडघे गेले, तेव्हा बोटींवर यंत्रं बसवायचं काम शिकले. वायरलेस, दिवे आणि मुख्यतः खोली मोजणारं यंत्र. बोटीच्या बुडाशी एक सेन्सर असतो. तो पाण्यात आवाज सोडतो, आवाज तळाला आपटून परत येतो आणि सुकाणूजवळच्या पडद्यावर खोलीचा आकडा उमटतो. करंजाच्या धक्क्यावर ही यंत्रं बसवणारे आणखीही लोक होते. नाखवांकडे जाणारे त्यांच्या बोलण्यासाठीही जात. ग्राहकाच्या तोंडावर ते सांगत, "मशीन मी बसवीन. अक्कल तुमची तुमी बसवा."

माझी त्यांची ओळख दीक्षितांमुळे झाली. दीक्षित नवीन पनवेलला आमच्याच इमारतीत राहत. विमा कंपनीतून निवृत्त झालेला, स्वच्छ, टापटिपीचा माणूस. ओवे गावाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी जमीन घेतली होती. तिला लागून एक बंद पडलेली दगडाची क्वारी, म्हणजे खाण, होती. खोदकाम थांबल्यावर ती पाण्याने भरली आणि तिचं तळं झालं. दीक्षितांनी काठावर चार खोल्या बांधल्या आणि पाहुण्यांना फिरवण्यासाठी एक पाँटून बोट बनवून घेतली. पाँटून म्हणजे खरं तर तरंगता ओटाच. ॲल्युमिनियमच्या दोन लांब, बंद नळ्या, त्यांच्यावर फळ्यांचं डेक, कठडा, वर ताडपत्रीचं छत आणि मागे इंजिन. पहिल्याच चाचणीत इंजिनाचा पंखा पाण्याखालच्या दगडावर आपटून वाकला. क्वारीचा तळ कुठे पायऱ्यांसारखा, कुठे विहिरीसारखा होता. म्हणून खोलीचं यंत्र हवं होतं आणि कुणीतरी नाखवांचं नाव सुचवलं.

ते आले आणि बोटीकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग दीक्षितांना म्हणाले, "ही बोट हाय का मांडव?"

"पाँटून म्हणतात हिला," दीक्षित म्हणाले.

"म्हना. नवरी कवा येनार?"

ज्या कारागिराने बोट बनवली होती, तो मदतीला होता. सेन्सर अडकवण्यासाठी त्याने ड्रिल काढलं आणि डाव्या नळीच्या मागच्या टोकाला लावलं. नाखवांनी त्याचं मनगट धरलं. त्यांना ओरडताना मी त्याच एका वेळी पाहिलं. "हिला भोक पाडतोस? ह्यात वारा कोंडलाय, त्या वाऱ्यावर ही सगळी वरात तरंगती. भोक पाडलंस की वारा भायेर, पानी आत. मंग बोलव तुज्या मामाला उपसायला." कारागीर म्हणाला की भोक पाण्याच्या वर ठेवतो. नाखवा म्हणाले, "पानी काय तुला इचारून वर येतं?"

त्यांनी इंजिनाच्या चौकटीला एक पट्टी जोडली आणि सेन्सर त्या पट्टीवर, डाव्या नळीच्या मागे, नळीच्या बुडापेक्षा किंचित खाली बसवला. वर राहिला तर बुडबुड्यांनाच तळ समजेल, असं त्यांचं म्हणणं. वायर इंजिनाच्या वायरीपासून लांब, उजव्या बाजूच्या सुकाणूपर्यंत नेली. काम झाल्यावर त्यांनी पिशवीतून दोरी काढली. तिच्या टोकाला शिशाचा गोळा होता. दर ठिकाणी बोट थांबवून ते दोरी सोडत आणि पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहत. दीक्षितांच्या लक्षात आलं की आकडा दोरीच्या मापापेक्षा फूटभराने कमी आहे. त्यांनी विचारलं, यंत्र चुकतंय का?

"चुकत नाय. दोरी पान्याच्या वरपासून मोजती. सेन्सर पान्यात फूटभर खाली बसलाय, तो तिथून मोजतो," नाखवा म्हणाले. "मशीन खरं बोलतं. पन आपल्या जाग्यावरनं बोलतं. मानसासारखंच."

दीक्षितांना हे वाक्य फार आवडलं. पुढचे काही दिवस ते इमारतीत भेटेल त्याला ऐकवत होते.

त्या दिवशी तळ्याचा तळ धुंडाळताना एक जागा सापडली. पूर्वेच्या काठाला, पूर्वी दगडाचे ट्रक जिथून खाली उतरत, तो रस्ता पाण्याखाली तसाच होता. बाकी सगळीकडे काठ कड्यासारखे सरळ. तिथे मात्र आकडा हळूहळू कमी होत पाण्याबाहेर येई. नाखवांनी काठावरचं शेवरीचं झाड खुणेला धरून ठेवलं. "धक्का नाय तुमच्याकडं," ते दीक्षितांना म्हणाले. "पन रस्ता हाय."

दुपारी जेवताना दीक्षितांनी त्यांना विचारलं, नवी बोट पाण्यात घालताना तुमच्यात काय करतात. नारळ, हार, गुलाल, नाखवांनी सांगितलं. मग म्हणाले, "माज्या बापाच्या होडीला पुढल्या टोकाला घोड्याची नाल व्हती. काळ्या घोड्याची. वादळात चार होड्या गेल्या, ती आली. नाल नसली तर मला बोट उघडी वाटते." ते सहज बोलले. त्यानंतर माशाच्या कालवणावर बोलणं गेलं आणि तो विषय संपला, असं मला वाटलं.

दसऱ्याच्या सकाळी बोटीचं उद्घाटन होतं. बोटीवर दीक्षित, त्यांच्या पत्नी सुनीताताई, प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या त्यांच्या आई, पुण्याहून आलेले काही नातेवाईक आणि मी होतो. सुकाणूवर नाखवा. त्यांनी पांढरा सदरा आणि लाल टोपी घातली होती. चढण्यापूर्वी ते बोटीच्या पुढच्या टोकाशी गेले. डाव्या नळीच्या तोंडावर झेंडूचा जाड हार होता आणि हाराच्या मधोमध एक काळी नाल दिसत होती. दीक्षित त्यांच्याकडे पाहत उभे होते. त्यांनी ती माथेरानच्या एका घोडेवाल्याकडून मिळवली होती.

नाखवांनी नालेला हात लावला, तो कपाळाला लावला. "आता बोट झाली," ते म्हणाले.

तळ्याच्या मध्यावर नांगर टाकला. आकडा एकतीस फूट दाखवत होता. पूजा झाली, पेढे वाटले गेले. मग सगळे फोटोसाठी पुढच्या टोकाशी जमले, कारण हार आणि नाल तिथे होती. आजींची खुर्चीही पुढे नेली. मी मागे नाखवांपाशी चहा घेत उभा होतो. सुनीताताई पेढ्यांचा डबा ठेवायला आल्या आणि त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं.

"काका, हा आकडा कमी होतोय बघा. मघाशी एकतीस होता ना?"

पडद्यावर आता तीस आणि वर काही दशांश होते. आम्ही पाहत असतानाच दशांशाचा अंक आणखी एकाने घसरला.

नाखवांनी बशीतला चहा फुंकला. पडद्याकडे एकदा पाहिलं. "ओहोटी लागली, ताई," ते म्हणाले. "आता दुपारपातुर असंच उतरत जानार."

त्यांच्या बोलण्यात शंका नव्हती, त्यामुळे ऐकणाऱ्यालाही आली नाही. सुनीताताई हसल्या, पुढे गेल्या आणि नातेवाइकांना सांगू लागल्या की समुद्र एवढा लांब, पण काकांना इथे बसून ओहोटी कळते. कुणीतरी 'वा' म्हणालं. एकाने त्यांचा फोटो काढला. त्या फोटोत नाखवा बशी धरून बसलेले आहेत आणि त्यांच्या खांद्यामागे पडद्यावरचा आकडा अस्पष्ट दिसतो.

नंतर मी भरतीचं वेळापत्रक पाहिलं. त्या वेळी करंजाला खरोखरच ओहोटी लागली होती.

पूजेचा नारळ सुकाणूसमोर फळ्यांवर ठेवला होता. तो हलला. आधी जागेवर डुलला, मग घरंगळू लागला. कुणी धक्का दिला नव्हता, वारा नव्हता. नारळ डेकवरून तिरपा गेला आणि डाव्या कठड्याला लागून थांबला. नाखवा त्याच्याकडे पाहत होते. त्यांच्या हातातली बशी कलती झाली आणि चहा सदऱ्यावर सांडला, ते त्यांना कळलं नाही.

"ओहोटी..." ते पुन्हा म्हणाले आणि थांबले. मग अगदी हळू, स्वतःला सांगावं तसं म्हणाले, "ही क्वारी हाय."

मी अपघातांच्या बातम्यांवर बरीच वर्षं काम केलं आहे. वाचलेली माणसं नंतर काय सांगतात ते मला माहीत होतं. ज्या क्षणी माणसाला कळतं, तो क्षण मी त्याआधी पाहिला नव्हता. नाखवांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. घरात शिरावं आणि आत परकी माणसं राहत असावीत, तसा तो चेहरा झाला होता. क्वारीला ओहोटी नसते. पाणी जागच्या जागी होतं. आकडा उतरत होता, कारण सेन्सर तळाकडे चालला होता आणि सेन्सरबरोबर डावी नळी.

ते उठले नाहीत. बसल्या जागेवरून, बाजारात भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात त्यांनी सांगितलं, "सगळ्यांनी खाली बसा. उभं कोन राहू नका. फोटो झाले." पुण्याचे एक काका म्हणाले, "अहो, एकच राहिलाय." नाखवा म्हणाले, "तो काठावर काडू. बसा, पावनं." मग दीक्षितांना, "साहेब, आईंना खुर्चीसकट माज्या बाजूला आना. सरकवत. उचलू नका." एकेकाला नाव घेऊन त्यांनी उजवीकडे आणलं. घाई करू दिली नाही. एक बाई रडू लागल्या, तेव्हा त्यांनी त्यांच्या हातात पेढ्यांचा डबा दिला. "हा धरा. सांडू नका." त्या डबा धरून गप्प बसल्या.

पुढून आणून सुकाणूजवळ बांधलेली नांगराची दोरी त्यांनी सुरीने कापली. नांगर ओढायचा तर माणूस पुढे पाठवावा लागला असता. इंजिन मंद चालू केलं आणि तोंड शेवरीच्या झाडाकडे वळवलं. डाव्या बाजूच्या फळ्यांवर आता पाणी येत होतं. झेंडूची फुलं सुटून डेकवर आली. लाइफ जॅकेटं छताखाली बांधलेली होती, हार लावायला आड येतात म्हणून. ती मी सोडवून एकेकाला देऊ लागलो. नाखवा पडद्यावरून नजर काढत नव्हते. आकडा अठ्ठावीस झाला, मग सव्वीस, मग अचानक पुन्हा तीस. सुनीताताईंनी माझा हात धरला. "कडा हाय तो," नाखवा पडद्याला म्हणाले. "गेला. आता रस्ता दे." आकडा बारावर आला, मग आठवर. इंजिनाचा आवाज बदलला, खालून खरवडल्यासारखं झालं आणि बोट तिरपी होऊन थांबली.

आम्ही ट्रकच्या जुन्या रस्त्यावर होतो. पाणी मांडीपर्यंत होतं. दीक्षितांनी आईंना पाठीवर घेतलं. सगळे चालत बाहेर आले. पेढ्यांचा डबा धरलेल्या बाईंनी तो काठावर नेऊन नीट ठेवला आणि मग त्या पुन्हा रडू लागल्या. कुणाला खरचटलंही नव्हतं. याची बातमी कुठे आली नाही. कुणी मेलं नव्हतं.

दीक्षित परत पाण्यात गेले. त्यांनी नळीच्या तोंडावरचा हार ओढून काढला. नाल स्क्रूने बसवलेली होती. तिच्या बाजूला आणखी एक भोक होतं, मोकळं. आदल्या दिवशी त्यांनी स्वतः ड्रिल चालवलं होतं. पहिलं भोक चुकलं म्हणून नाल सरकवली होती. रिकाम्या बोटीत ते भोक पाण्याच्या वर होतं. सगळे फोटोसाठी पुढे आले, तेव्हा ते पाण्याखाली गेलं.

नाखवा अजून बोटीवरच बसले होते. दीक्षित कठड्याला धरून पाण्यात उभे राहिले. "काका, मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल. तुम्ही म्हणाला होतात... म्हणून."

नाखवांनी नालेकडे पाहिलंच नाही. पडद्यावर दोनाच्या आतबाहेरचा एक आकडा होता, स्थिर. "नाल तुमची, साहेब," ते म्हणाले. "ओहोटी माजी."

त्यांनी जेवण घेतलं नाही. मी त्यांना पनवेलच्या स्टँडपर्यंत सोडायला गेलो. सदऱ्यावर चहाचा डाग वाळला होता. टपरीवाल्याने कप पुढे केला आणि नेहमीसारखं विचारलं, "काका, पाणी कुठं?"

नाखवांनी त्याच्याकडे पाहिलं. "नाय माहीत," ते म्हणाले. टपरीवाला हसला, त्याला ती थट्टा वाटली. उरणची एसटी लागली. नाखवा चहा न घेता चढले.

त्यानंतर ते एकदाच क्वारीवर आले, यंत्र काढून न्यायला. बोट काठावर ओढून ठेवलेली होती. दीक्षितांनी पुन्हा ती पाण्यात घातली नाही. सुनीताताईंनी त्यांना म्हटलं, "काका, तुमच्यामुळे आम्ही आहोत." नाखवा पट्टीचे बोल्ट सोडवत राहिले. "ताई, तुमी बगितलं व्हतं," ते म्हणाले. "तुमी मला सांगितलं व्हतं. मशीननं बी सांगितलं व्हतं. मी तुमा दोगांना गप केलं." सुनीताताईंनी सुटत आलेली पट्टी खालून धरून ठेवली.

मी अधूनमधून करंजाला जात असे. ते काम करत होते, पण लोकांनी पाणी विचारलं तर आधी उठत, धक्क्याच्या कडेपर्यंत जात, खाली पाहत आणि मग सांगत. गुडघ्यांमुळे त्यांना ते जड जाई. धक्क्यावरच्या बायका चेष्टा करत, "घड्याळ बंद पडलं का नाखवा?" ते म्हणत, "घड्याळ चालू हाय. म्हनूनच भ्या वाटतं." यंत्र बसवलं की पडद्याच्या खाली ते लाल पट्टी चिकटवू लागले. तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, बजावून सांगत, "आकडा उतरला की पयलं भायेर वाकून बोटीची कूस बग. पानी उतरलंय का बोट, ते बगून मंग तोंड उघड." का, ते कुणाला सांगत नसत. क्वारीची गोष्ट करंजात कुणाला माहीत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच गेले, असं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. परतताना धक्क्यावर थांबलो. ओळखीचा एक तांडेल जाळी चढवत होता. त्याने मला बोटीवर बोलावलं, चहा दिला. सुकाणूजवळ नाखवांनी बसवलेलं यंत्र चालू होतं, खाली लाल पट्टी. आम्ही त्यांच्याबद्दलच बोलत होतो. बोलता बोलता पडद्यावरचा आकडा उतरला.

तांडेलाने वाक्य अर्धं सोडलं. कप खाली ठेवला, कठड्यावरून वाकला आणि बोटीची कूस पाहिली. समोरच्या धक्क्याचे ओले दगड नुकतेच उघडे पडू लागले होते. तो परत येऊन बसला.

"ओहोटी हाय," तो म्हणाला. मग कप उचलत, थोडं ओशाळून, "काकांनी लावलेली खोड. आता जात नाय."